ठासणीच्या चिंधीला वंगण कुठलं: चुलीवरचं की लेथवरचं?

घोडबंदरकर: ठासणीची, म्हणजे नळीच्या तोंडातून दारू-गोळी भरायची बंदूक गावी, सावंतवाडीकडे, काकांच्या परवान्यावर. मी इथे ठाण्यात फक्त वंगण शिजवतो. मधमाश्यांचं मेण एक भाग, घाण्याचं तिळाचं तेल दोन भाग, पाण्याच्या पातेल्यात वाटी ठेवून वितळवायचं. गोळीभोवती गुंडाळून ठासायची चिंधी मांजरपाटाची, खळ धुऊन काढलेली. माझं ठाम मत: बंदुकीच्या काळ्या दारूला ग्रीस, इंजिन ऑइल लावूच नये. ही दारू जळली की निम्म्याहून जास्त ऐवज घनरूपात नळीतच राहतो. त्यातले क्षार पाण्यात विरघळतात, पण खनिज तेलात मळले की डांबर. चौथ्या बाराला ठासायचा गज उतरत नाही.

वागळेचा लेथवाला: काका, खनिज तेल म्हणून सरसकट झोडू नका. आमच्या लेथवर जे पांढरं पाणी सोडतो, ते सोल्युबल ऑइलच, आणि ते खनिजच. पण ते पाण्यात मिसळतं, तिथेच सगळा फरक. अमेरिकेतले ठासणीवाले एकास सात पाणी घेऊन चिंध्या भिजवतात आणि सपाट वाळवतात. पाणी उडून जातं, पातळ थर उरतो. चिंधी कोरडी, म्हणून दारू भिजत नाही. तुमचं तेल मे महिन्यात पाझरून दारूत उतरलं तर बार फुसका.

घोडबंदरकर: म्हणून तर मेण घातलंय! ते साठच्या वर वितळतं. खोबरेल असतं तर गोष्ट वेगळी, ते २४ अंशांनाच पातळ.

कळवेकर: एवढा खटाटोप कशाला? आमचे आजोबा बोकडाची चरबी लावायचे. छर्रे असले तर तीही नाही, काथ्याचा बोळा ठासला की झालं. गावच्या नळीला आतून आटे, म्हणजे गोळीला फिरकी देणाऱ्या खाचा, नसतात, चिंधीचे लाड करून नेम किती सुधारणार?

घोडबंदरकर: छर्ऱ्यांना बोळा, मान्य. एकच गोळी असेल तर चिंधी हवीच, नाहीतर नळीत खुळखुळते.

वाशीकर: चरबी म्हणालात, आता १८५७ निघणारच 😄

कोपरी पूर्व: निघू दे, पण नीट निघू दे. तेव्हाच्या एनफिल्ड रायफलचं काडतूस कागदाचं होतं, तिथे चिंधी नव्हती. आणि सरकारने जानेवारी १८५७ मध्येच शिपायांना आपापलं वंगण लावायची मुभा दिली होती. पण विश्वास उडाला होता, मग काडतुसाच्या कागदावरही संशय. २९ मार्चला बराकपूरला मंगल पांडे. कळवेकर, चरबीला मीठ लागलेलं नसावं, नळी गंजते.

कळवेकर: मीठ कोण लावतंय, मटण आहे का ते!

वागळेचा लेथवाला: काका, मेण कुठून आणलंत?

घोडबंदरकर: जांभळी नाक्यावरून. पांढऱ्या वड्या.

वागळेचा लेथवाला: वास?

घोडबंदरकर: नाही येत.

वागळेचा लेथवाला: मग ते पॅराफिन. मेणबत्तीचं. मधमाश्यांचं पिवळट असतं, मधाचा वास मारतं. म्हणजे इतके दिवस खनिजच लावत होतात.

वाशीकर: 🙈

घोडबंदरकर: …तरीच गेल्या वेळी काकांनी गज दगडाने ठोकून काढला. मी तेलाला शिव्या घालत होतो. तरी लेथचं पाणी नकोच, मी खरं मेण शोधतो.

वागळेचा लेथवाला: शोधा. तोवर पाव लिटर सोल्युबल ऑइल काढून ठेवलंय, बाटली घेऊन या. रिकामी पाण्याची चालेल.

घोडबंदरकर: येतो शनिवारी. मांजरपाट माझा.