अनुभव धागा: तुमच्याकडे रेडिओचा कान कोण पिळतं?

नागपूरचे एफएमवाले मराठी गाणी काहून लावत नाहीत, हा वाद पानठेल्यापासून लग्नाच्या पंगतीपर्यंत सगळीकडे ऐकलाय. कोणी म्हणतं लावतच नाहीत, कोणी म्हणतं लावली तर ऐकणार कोण, इथं तर आपण भाजीवाल्याशीही अर्धं हिंदीत बोलतो. म्हणून म्हटलं अंदाजपंचे भांडण्यापेक्षा विचारूनच टाकू. घरी, दुकानात, गाडीत काय वाजतं, कोण लावतं, कोणाचं चालतं? नाव नको, फक्त मोहल्ला लिहा.

महाल
आमच्या घरी बाबांचं चालायचं, बाकी कोणाचंच नाही. वॉल्व्हचा रेडिओ, लावला की आधी गरम व्हायचा मग बोलायचा, आणि त्याचं लायसन्स असायचं बरं का, पोस्टात फी भरायची, आजच्या पोरांना हे सांगितलं तर हसतात. आकाशवाणी नागपूर १९४८ ची, म्हणजे माझ्याहून थोडी मोठी. बातम्या आणि शास्त्रीय संगीत बाबांचं. बुधवारी रात्री आठला मात्र रेडिओ सिलोनवर बिनाका गीतमाला, सिनेमाच्या गाण्यांचा कार्यक्रम, तेव्हा बाबा मुद्दाम अंगणात जाऊन बसायचे, म्हणजे परवानगी पण नाही आणि मनाई पण नाही. केसकर माहिती आणि प्रसारण मंत्री असताना आकाशवाणीनं सिनेमाची गाणी जवळजवळ बंदच केली होती, त्यामुळे अख्खा देश सिलोनकडे वळला, मग सरकारला १९५७ मध्ये विविध भारती काढावी लागली. एक गोष्ट नागपूरकरांनाच माहीत नसते. विविध भारतीवर जाहिराती १९६७ च्या नोव्हेंबरात सुरू झाल्या त्या मुंबई, पुणे आणि नागपूरवर. दिल्ली-मद्रास नंतर.

बुटीबोरी
इथल्या ट्रान्समीटरबद्दल कोणीच लिहिलं नाही, म्हणून लिहितो. १९८८ मध्ये आकाशवाणीचं नॅशनल चॅनेल सुरू झालं, मिडियम वेव्ह १५६६ किलोहर्ट्झ, एक हजार किलोवॅट! कार्यक्रम दिल्लीचे पण प्रसारण नागपूरहून, कारण आपण देशाच्या मधोमध. दिवसा वातावरणाचा खालचा थर मिडियम वेव्ह शोषून घेतो, रात्री तो थर विरतो आणि लहरी वरून परावर्तित होऊन पार दूरवर जातात, म्हणून हे चॅनेल रात्रीचंच होतं. परदेशातले छंदी लोक नागपूरचा सिग्नल पकडून पत्रं पाठवायचे आणि आकाशवाणीकडून पोचपावतीचं कार्ड मागवायचे. आणि मी इथं राहून ते ऐकायचो ते रात्रपाळीत, कंपनीच्या गेटवर. तिथं आवडीनिवडीचा प्रश्नच नव्हता, गझल लागली गझल, कर्नाटक संगीत लागलं तर तेही. पहाटे तीनला माणूस कशालाही नाही म्हणत नाही. २०१९ मध्ये बंद केलं.

पाचपावली
आजोबांचा हातमाग होता, आमच्या गल्लीत सगळ्यांचेच. रेडिओ चामडी कव्हर घालून खिळ्याला. मागाचा आवाज इतका की शब्द धड ऐकूच यायचे नाहीत, फक्त चाल कळायची, त्यामुळे आजोबांना चाली सगळ्या पाठ पण बोल भलतेच, आणि तेच बोल आम्ही शाळेत गायचो :) हिंदी की मराठी हे कोणी विचारतही नव्हतं. सकाळी भूले बिसरे गीत, रात्री छायागीत झालं की माग बंद. आता गल्लीत माग उरले नाहीत आणि रेडिओ कोणी ऐकत असेल असं वाटत नाही, माझी आई सोडून. तिनं मोबाईलवर आकाशवाणीचं अॅप टाकून घेतलंय आणि काय ऐकते? रत्नागिरी केंद्र!

मोहल्ला नको, आधी एफएमला होतो
थोडं आतलं सांगतो म्हणजे आरजेला शिव्या द्यायचं थांबवाल. गाणी आरजे निवडत नाही. शहरात खासगी स्टेशनं २००७ च्या आसपास आली, तेव्हापासून गाण्यांची यादी कॉम्प्युटर काढतो. गाण्यांचे गट पाडलेले असतात, नवीन हिट, जुनं, मधलं, आणि कोणतं गाणं किती तासांनी परत यायचं, एकाच गायकाची दोन लागोपाठ नाही यायची, हे सगळं सॉफ्टवेअर बघतं. फर्माईशीचा फोन येतो ना, त्यात बहुतेक वेळा यादीत आधीच असलेलं गाणं मागणाराच हवेत जातो. बातम्या स्वतःच्या द्यायला परवानगी नाही, मग उरतं काय, गाणी, गप्पा, फोनवरची मस्करी. आणि आवड कशी मोजतात? लोकांना फोन करून गाण्याचे पाच-दहा सेकंदांचे तुकडे ऐकवतात आणि विचारतात, आवडलं, कंटाळा आला की ओळखलंच नाही. आता तुम्हीच सांगा, जे गाणं कधी लागलंच नाही ते लोक ओळखणार कुठून? मराठी इथंच मार खातं. मी हे मीटिंगमध्ये म्हटलं तर साहेब म्हणाले, बरोबर आहे, पुढचा मुद्दा.

खामला
मी सकाळी डबे करताना एफएम लावते, नवऱ्याला जुनी पाहिजेत, पोराला रेडिओच नको. मराठी गाणं लागलं की आवाज वाढवते आणि जाहिरात लागली की ओट्यावरूनच ओरडते, कोणीतरी बदला रे.

जरीपटका
आमच्याकडे सिंधी कलाम, तेही यूट्यूबवर. रेडिओचं तुमचं तुम्ही बघा बाप्पा.

इंदोरा
वरच्या एफएमवाल्या दादाला विचारतो, ते तुकडे ऐकवायला आमच्याकडे फोन कधी आला होता का? एप्रिलमध्ये जयंतीच्या आधी आणि दसऱ्याला धम्मचक्र प्रवर्तन दिनाच्या वेळी आमच्या वस्तीत दिवसभर भीमगीतं. वामनदादा कर्डकांची गाणी माझ्या आजीला अक्षरओळख नसताना पाठ होती. दीक्षाभूमीच्या रस्त्यावर कॅसेट, मग सीडी, मग पेनड्राइव्ह विकून लोकांनी धंदे उभे केले, कव्वालीच्या ढंगात, ढोलकीवर, आता डीजेवर, दर वर्षी नवीन गाणी येतात. एवढं मोठं ऐकणारं गिऱ्हाईक शहरात आहे आणि एफएमवर त्या दिवशी शुभेच्छा देतात आणि पुढचं गाणं तेच, मुंबईचं. मराठी लावा म्हणणाऱ्यांनाही विचारायचंय, तुमच्या मराठीत हे येतं ना? तुकडोजी महाराजांची खंजिरी भजनं येतात? की फक्त भावगीत?

मोहल्ला नको, आधी एफएमला होतो
नाही आला भाऊ. यादीत नंबर कोणाचे असायचे ते मी पाहिलेत. आकाशवाणीवर तुकडोजींची भजनं तरी ऐकली, आमच्याकडे ती फाईलच नव्हती.

सदर, ऑटो चालवतो
माझ्या गाडीत सवारीचं चालते. म्हातारी बसली तर विविध भारती, १००.६. कॉलेजच्या पोरी बसल्या का त्या स्वतःच म्हणतात भैया बंद करो, कानात त्यांचं दुसरं सुरूच असते. एकटा असलो का नव्वदीचं, कुमार सानू, ते पेनड्राइव्हवर, कारण एफएमवर जाहिरातीच जास्त. मे महिन्यात दुपारी सवारी नसते, मेडिकल चौकात झाडाखाली चार-पाच ऑटो लागतात, तिथी मात्र एकाच गाडीचा रेडिओ चालू ठेवतो, बाकीच्यांची बॅटरी वाचते. कोणाचा ठेवायचा यावर रोज झगडा होऊन रायला. जो चहा पाजल त्याचं स्टेशन, असं सध्या ठरलंय.