पन्नाशीपुढचे ऑपरेटर टॅबला हात लावत नाहीत: दोष वयाचा की ट्रेनिंगचा?

मशीनशॉप_भोसरी
सीएनसी (संगणकाच्या हुकुमावर चालणाऱ्या मशीनच्या) विभागात कागदी लॉगशीट बंद करून प्रत्येक मशीनपाशी टॅब बसवलेत. वर्कऑर्डर सुरू करायची, नगसंख्या भरायची, रिजेक्शनचं कारण आणि मशीन बंद राहिल्याचा कोड टाकायचा, एवढंच काम. पन्नाशीपुढचे ऑपरेटर ते शेजारच्या पोरांकडून भरून घेतात. दोन तासांचं ट्रेनिंग झालं, शेवटी परीक्षा घेतली. सुपरवायझर म्हणतात, ‘ह्या वयात नवं डोक्यात शिरत नाही.’ यांची वेगळी बॅच काढावी का?

ट्रेनिंगकट्टा
नको. कागदावर काहीही नाव द्या, शॉपमध्ये ती ‘म्हाताऱ्यांची बॅच’च होणार.

घोळ परीक्षेत आहे. 2001 साली रहाल, हॅशर आणि कोलकोम या मानसशास्त्रज्ञांनी एकच काम तरुणांना आणि वयस्कांना दिलं. ‘ही स्मरणशक्तीची चाचणी आहे’ असं ठसवून सांगितलं तेव्हा वयस्क मागे पडले. तो उल्लेख टाळला तेव्हा फरक उरला नाही. आपल्याबद्दलचा समज खरा ठरेल या धास्तीतच निम्मं लक्ष जातं.

असं करून बघा: ज्याच्या-त्याच्या मशीनवर, खोट्या वर्कऑर्डरवर, 20 मिनिटांची बैठक, आठवड्यात तीनदा. एका बैठकीत एकच नोंद. शिकवणाऱ्याने हात पाठीमागे ठेवायचे! ‘द्या काका, मी करतो’ म्हणत टॅब ओढून घेतला की शिकणं तिथेच संपतं. मदतीशिवाय सलग तीन नोंदी बरोबर आल्या की पुढची नोंद. वेळ लावू नका, निकालाचा तक्ता भिंतीवर तर मुळीच नको.

चष्मा_आणि_उजेड
त्याआधी टॅब तपासा. जवळचा नंबर पुस्तकाच्या अंतराचा असतो, टॅब 60-70 सेंटीमीटरवर. बायफोकलवाला मग मान मागे टाकून खालच्या भिंगातून बघतो आणि दहा मिनिटांत कंटाळतो. टॅब छातीच्या उंचीवर, मागेपुढे सरकणाऱ्या स्टँडवर बसवा, फॉन्ट वाढवा. साठीतल्या डोळ्याच्या पडद्यापर्यंत विशीतल्या मानाने साधारण एक तृतीयांश उजेड पोचतो, म्हणून जागेवर दिवा हवा.

साध्या हातमोज्याचा स्पर्श स्क्रीनला कळत नाही. तरुणाच्या बाबतीत तोच टॅबचा दोष ठरतो, काकांच्या बाबतीत वयाचा. शिवाय स्क्रीन मिनिटभरात लॉगआउट होत असेल तर ती मुदत वाढवून घ्या.

उलटतपासणी
वयाचा काहीच संबंध नाही, असंही म्हणू नका. अगदी नवी गोष्ट शिकायला वेळ जास्त लागतो, तो द्यावाच लागेल. पण इंग आणि फेल्डमन या संशोधकांनी 2012 मध्ये 418 अभ्यास एकत्र तपासले. बदलाला विरोध, कमी उमेद, खालावलेली तब्येत असे वयस्क कामगारांबद्दलचे सहा समज होते. आकड्यांनी दुजोरा दिला तो एकालाच: प्रशिक्षणात भाग घेण्याची तयारी कमी. माझ्या मते यात अर्धा वाटा बोलावणाऱ्यांचा आहे. नव्या मशीनच्या ट्रेनिंगला यादी करताना पन्नाशीची नावं आपणच गाळतो, आणि पाच वर्षांनी ‘यांना रस नाही’ म्हणतो.

मशीनशॉप_भोसरी
पटलं. पण मालकांना खर्च दाखवावा लागेल.

उलटतपासणी
बीएमडब्ल्यूच्या जर्मनीतल्या डिंगोल्फिंग कारखान्याचं उदाहरण द्या. 2007 मध्ये तिथल्या 42 जणांच्या एका लाईनवर सरासरी वय मुद्दाम 47 ठेवलं. लाकडी फरशी, बसायला खुर्च्या, भिंगं, मोठी अक्षरं असे सुमारे 70 किरकोळ बदल बहुतेक कामगारांनीच सुचवले. सामानाचा खर्च सुमारे 20,000 युरो. वर्षभरात उत्पादकता 7 टक्क्यांनी वाढली.

तुमच्याकडे सहा आठवडे मोजा: चुकलेल्या नोंदी आणि दुसऱ्याच्या लॉगिनवरून भरलेल्या नोंदी, वेगवेगळ्या. दुसरा आकडा आधी खाली यायला हवा. त्या काळात पहिला थोडा वर गेला तर घाबरू नका. पोरांच्या हातच्या नोंदी थांबून काका स्वतः भरायला लागलेत.