शब्दचर्चा : जादूचा सोबती, वाहन की माणसाळलेलं जनावर?

गोदाकाठ (मूळ प्रश्न)

नाशिकच्या आमच्या टेबलासाठी, म्हणजे एकत्र खेळणाऱ्या आमच्या गटासाठी, मी डन्जन्स अँड ड्रॅगन्स या पात्रं रंगवून फासे टाकत खेळायच्या खेळावर बेतलेले घरचे नियम मराठीत लिहून काढतोय. विषय आहे पात्रांबरोबर फिरणारे जादूचे प्राणी. एचपी (पात्राची जीवनशक्ती), लेव्हल (पातळी), टर्न (पाळी), रोल (फासा टाकणं) हे शब्द आम्ही आहेत तसेच वापरतो, त्यात कुणाला अडचण नाही. घोडं अडतंय ते या प्राण्यांपाशी.

मूळ नियमांत तीन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिला फॅमिलिअर. 2014 च्या आवृत्तीत जादूगार तासभर विधी करतो. 10 सोन्याच्या नाण्यांचा कोळसा, धूप आणि वनस्पती पितळी शेगडीत जाळतो आणि घुबड, मांजर, बेडूक, डोमकावळा असं काहीतरी रूप घेऊन एक आत्मा येतो. तो हल्ला करू शकत नाही. 100 फुटांच्या आत असला तर मनातल्या मनात बोलतो आणि त्याच्या डोळ्यांनी मालकाला बघता येतं. एचपी संपले की तो नाहीसा होतो. मंत्र पुन्हा म्हटला की परत हजर. दुसरा रेंजरचा, म्हणजे रानात वावरणाऱ्या लढवय्याचा प्राणी, तो हाडामांसाचा. तिसरं पॅलाडिनचं, म्हणजे व्रतस्थ योद्ध्याचं स्टीड (बसायचं जनावर). तोही आत्माच, पण घोडा, उंट किंवा मोठ्या कुत्र्याच्या रूपात येणारा आणि पाठीवर घेणारा.

मराठीत बोलताना आम्ही तिन्हींना ‘प्राणी’ म्हणतो आणि तिथेच घोळ होतो. फॅमिलिअरचं घुबड मेलं की खेळणारा हळहळतो, खरं तर ते तासाभरात परत आणता येतं. उलट रेंजरचा लांडगा कुणीही दाराच्या सापळ्यावर पुढे ढकलतं. मला वाटतं शब्द आधी ठरला पाहिजे, कारण जो शब्द वापरू त्याच्यातून खेळणारा नियम आपोआप धरून चालतो. तुमच्याकडे काय म्हणाल?

सिन्नरकर

‘साथीदार’ नको एवढं आधीच सांगतो. पेपरात रोज ‘चोरटा आणि त्याचे दोन साथीदार’ वाचतो आपण. ‘सवंगडी’ म्हटलं की कृष्णाचा गोपाळमेळा डोळ्यांसमोर येतो, ते लाघवी आहे पण लढाईत शोभत नाही. ‘सोबती’ चांगला. आपल्याकडे ‘सोबतीला ये’ म्हणतो तेव्हा समोरच्याने काही करावं अशी अपेक्षा नसते. तो नुसता बरोबर असला तरी भीती कमी होते. तुमचा फॅमिलिअर हल्ला करत नाही ना? मग सोबतीच तो.

आणि ‘जनावर’ जपून वापरा. आमच्याकडे रात्री कुणी ‘जनावर निघालं’ म्हणालं की सगळे साप समजून काठी शोधतात.

पंचवटी

स्टीडला ‘वाहन’ याहून चांगला शब्द सापडणार नाही. खंडोबाचा घोडा, कार्तिकेयाचा मोर, गणपतीचा उंदीर. आपल्याला समजावून सांगायची गरजच नाही. पण एक गोष्ट ध्यानात घ्या दादा. वाहन म्हणजे खालच्या पायरीवरचा, मुकाट्याने वाहून नेणारा, असं समजून नियम लिहू नका. रामकुंडाजवळच्या कपालेश्वराला जाऊन या. शंकरासमोर नंदी नाही. ब्रह्मदेवाचं पाचवं मस्तक तोडल्याचं पातक शंकराला लागलं, त्यातून सुटायचा मार्ग नंदीने दाखवला आणि रामकुंडात स्नान केल्यावर ते पातक फिटलं. म्हणून शंकराने त्याला गुरू मानलं आणि समोर बसू दिलं नाही, अशी तिथली कथा आहे. ज्या वाहनाला धन्यापेक्षा जास्त कळतं असं वाहन आपल्या गावातच आहे. तुमच्या खेळात त्याला जागा असावी.

गोदाकाठ

ताई, कपालेश्वराचा मुद्दा थेट नियमात घेतो. मूळ खेळातही स्टीडची बुद्धी निदान 6 धरलेली आहे, म्हणजे ते साध्या घोड्यापेक्षा हुशार असतंच. आमच्या नियमात ‘वाहन’ दिवसातून एकदा धन्याला प्रश्न विचारू शकेल किंवा सल्ला देऊ शकेल. तो सल्ला मानला तर त्या कामाच्या रोलला जास्तीचा फासा. मानला नाही तर काही तोटा नाही, पण वाहनाच्या हे लक्षात राहील.

‘सोबती’ फॅमिलिअरसाठी मलाही पटतोय. एक विचार मनात येतो. फॅमिलिअर हा शब्द ज्या लॅटिन मुळातून आलाय त्याचा अर्थ घरचा, घरातला असा आहे. मराठीत ‘घरचा’ म्हणताना जी आपुलकी येते ती ‘सोबती’त थोडी कमी पडते का? ‘घरचं घुबड’ मात्र कानाला विचित्र लागतं आणि घुबडाला घरात घ्यायला आपल्याकडे कुणी तयारही होणार नाही. म्हणून ‘सोबती’ पक्का करतो.

त्याच्या मागच्या आत्म्याचे तीन प्रकार आहेत : स्वर्गातला, फे (परीलोकातला) आणि फिएंड (नरकातला). पहिल्याला ‘दिव्य’ आणि तिसऱ्याला ‘पिशाच’ हे सरळ आहे. फे साठी मी ‘आसरा’ घेतोय. नदी, डोह, विहिरीपाशी राहणाऱ्या साती आसरा, ज्यांना हिरवा खण आणि बांगड्या वाहतात. लहरी, देखण्या, जागेला धरून असणाऱ्या. परी म्हटलं की पंख आणि छडी येते. आसरा म्हटलं की टेबलावरचा प्रत्येक जण पाण्याकडे जरा जपून बघतो.

खरी अडचण रेंजरच्या प्राण्याची आहे. 2014 च्या नियमात लांडग्याला हल्ला करायला लावायचा तर रेंजरला स्वतःची ॲक्शन (टर्नमधली मुख्य कृती) खर्ची घालावी लागते. म्हणजे दोघं मिळून एकाचंच काम करतात. पुष्कळ टेबलांवर लोक यावर चिडले. 2020 च्या पर्यायी नियमांत ते सुधारलं : बोनस ॲक्शनमध्ये (टर्नमधल्या जास्तीच्या छोट्या कृतीत) हुकूम देता येतो आणि हुकूम नसेल तर प्राणी स्वतःला वाचवत राहतो. हिशेब बरोबर झाला. पण प्राणी पहिल्या दिवसापासून सगळं ऐकतो हे मला खटकतं. रानातला लांडगा तिसऱ्या लेव्हलला अचानक कह्यात कसा येतो? इथे मला नातं हळूहळू जमताना दाखवायचंय आणि त्यासाठी शब्द हवेत.

निफाडचा एक शेतकरी

खेळ मला माहीत नाही, मुलगा खेळतो, त्याने हे वाचायला दिलं. शब्द मात्र आमच्या घरातले आहेत. तुम्ही ‘पाळलेला’, ‘वश केलेला’, ‘माणसाळलेला’ हे एकाच ओळीत लिहू नका. पाळलेला म्हणजे खायला घातलेला, एवढंच. वश केलेल्यात जबरदस्ती आहे, मंतरलेलं पाणी पाजलं की झालं. माणसाळणं ही जनावराची स्वतःची गोष्ट आहे. ते तुम्हाला करता येत नाही, ते त्यानेच करायचं असतं.

नवा गोऱ्हा आणला की आधी बुजतो. पिशवी हलली तरी बुजतो. मग ओळख धरतो, म्हणजे हाक ओळखतो पण हात लावू देत नाही. मग सवयीचा होतो, जू घेतो. नंतर लळा लागतो. लळा लागलेला बैल तुम्ही दोन दिवस गावाला गेलात तर वैरण खात नाही. बुजरा, ओळखीचा, सवयीचा, लळ्याचा. तुमच्या पायऱ्या ह्या.

आणि पोळ्याचं विसरू नका. आदल्या दिवशी खांदेमळणी. मानेला जिथे जू घासतं तिथे हळद आणि तूप चोळायचं आणि म्हणायचं, ‘आज आवतण घ्या, उद्या जेवायला या.’ दुसऱ्या दिवशी खांद्यावर काही ठेवायचं नाही. वर्षभर ज्याच्याकडून काम घेतलं त्याला एक दिवस सुट्टी आणि पुरणपोळी.

गोदाकाठ

काका, तुमच्या चार पायऱ्या शब्दाला शब्द उचलल्या. हा मसुदा बघा :

बुजरा : हुकूम द्यायला रेंजरची पूर्ण ॲक्शन लागते आणि आग किंवा स्फोट झाला की प्राण्याने न बुजण्यासाठी रोल करायचा. ओळखीचा : हाक मारली की बोनस ॲक्शनमध्ये जवळ येतो किंवा लांब पळतो, हल्ल्याला मात्र अजून ॲक्शनच. सवयीचा : हल्लाही बोनस ॲक्शनमध्ये. लळ्याचा : सवयीच्या सगळ्या गोष्टी, शिवाय एक ‘आपणहून’.

‘आपणहून’ हा मला या सगळ्या नियमांतला सगळ्यात मोलाचा भाग वाटतो. इगतपुरी तालुक्यात सर्वतीर्थ टाकेद आहे, जटायू जिथे पडला असं मानतात ती जागा. जटायूला सीतेसाठी रावणाशी झुंजायला कुणी हुकूम दिला नव्हता. म्हणून नियम असा : सांभाळणारा शून्य एचपीवर आला की दोन लाँग रेस्टच्या (पात्रांच्या लांब विश्रांतीच्या) मधे एकदा लळ्याचा प्राणी स्वतःच्या मनाने एक पूर्ण टर्न खेळतो, फुकट. काय करायचं ते डीएम (खेळ चालवणारा) ठरवत नाही, रेंजर खेळणाराही ठरवत नाही. टेबलावरचे बाकीचे मिळून ठरवतात, कारण त्या प्राण्याला ते इतके दिवस बघत आलेत. याची किंमतही आहे. त्या टर्नमध्ये प्राण्यावर होणारा प्रत्येक हल्ला सोपा जातो, तो स्वतःला सांभाळत नसतो.

पायरी वर चढते ती लढाईने नाही. लाँग रेस्टला खेळणाऱ्याने प्राण्यासाठी केलेली एक ठोस गोष्ट सांगायची : काटा काढला, उरलेलं मांस दिलं, पावसात स्वतःचं कांबळं पांघरलं. ‘मी त्याची काळजी घेतो’ असं मोघम बोललेलं धरायचं नाही. उलट सापळ्यावर ढकललं तर एक पायरी खाली.

पोळ्याचाही नियम झाला. मोहिमेच्या वर्षात एक दिवस प्राण्याला हुकूम देता येत नाही. त्या दिवशी डीएमने संकट आणायचं की नाही यावर वाद होईल. मी आणणार, पण संकट माणसांनीच निस्तरायचं.

तुम्ही ‘मालक’ टाळलात ते आवडलं. तक्त्यात सगळीकडे ‘सांभाळणारा’ लिहिलंय. फक्त वाहनाच्या पानावर ‘धनी’.

तिसरा फासा

मरण्याचं काय? 1978 च्या पुस्तकात फॅमिलिअर मेला तर जादूगाराचे त्याच्या एचपीच्या दुप्पट एचपी कायमचे जात. 2000 च्या तिसऱ्या आवृत्तीत अनुभवाचे गुण जात, दर लेव्हलला 200, रोल जमला तर निम्मे. त्या भीतीने लोक फॅमिलिअरला पिशवीतून बाहेरच काढत नसत. आता काहीच जात नाही, म्हणून तो बॅटरी असल्यासारखा वापरतात. दोन्ही टोकं मला नको वाटतात.

गोदाकाठ

मधला रस्ता शब्दांनीच सापडला. सोबतीसाठी तक्त्यात ‘विरला’ लिहायचं, कारण तो आत्मा आहे आणि परत येणार आहे. पण विरण्याआधी त्याने शेवटचं जे बघितलं ते परत आल्यावर त्याला आठवत नाही. म्हणजे टेहळणीला पाठवून त्याला मरू देण्यात फायदा उरत नाही. रेंजरच्या प्राण्यासाठी ‘गेला’. 2020 च्या नियमात तासाभराच्या आत मंत्राची एक जागा (स्पेल स्लॉट, म्हणजे मंत्र म्हणायच्या ठरावीक संधींपैकी एक) खर्चून त्याला उठवता येतं. तेवढी सवलत मी ठेवतोय, पण उठलेला प्राणी एक पायरी खाली उतरून उठतो. तास उलटला तर गेला तो गेला आणि नवा प्राणी बुजऱ्यापासूनच सुरू.

पंचवटी

‘हुकूम’ अजून खटकतोय. लळा लागलेल्याला हुकूम कोण देतं?

निफाडचा एक शेतकरी

हाळी म्हणा. बांधावरून हाळी दिली की बैल मान वर करून बघतो. यायचं की नाही ते तो ठरवतो.

गोदाकाठ

घेतला. बुजरा आणि ओळखीचा या पायऱ्यांवर हुकूम, सवयीच्यापासून पुढे हाळी. हुकमाला 30 फूट, हाळीला 100. धबधब्याजवळ किंवा लढाईच्या कल्लोळात दोन्ही निम्मे. येत्या रविवारी टेबलावर खेळून बघतो आणि मग आसरांचा तक्ता इथेच टाकतो.