मदत हवी आहे : माजी सैनिक वडिलांची पदकं आणि पत्रं

मंडळी, वडील मराठा लाइट इन्फन्ट्रीत होते, 1971च्या लढाईत होते. निवृत्तीनंतर जुन्नरचं घर, शेती आणि आम्ही, एवढंच त्यांचं जग. वर्षश्राद्धाला घरच्यांसाठी स्मरणपुस्तिका काढायची आहे.

पदकं दोन, दोन्ही 1971च्या युद्धाची : ‘पूर्वी स्टार’ आणि ‘संग्राम मेडल’. ब्रासो (धातू चमकवायचं पॉलिश) लावणार नाही. त्याने धातूवरची जुनी झाक जाते, आणि घासून घासून संग्राम मेडलच्या कडेवर कोरलेला नंबर-नाव झिजतं. पदक कुणाचं, हे त्या कडेवरूनच कळतं. कोरड्या सुती कापडाने पुसून ठेवलीत. फिती मात्र विरल्यात. 32 मिमी रुंदीची, रंगांचा क्रम अचूक असलेली फीत देऊन दोन्ही पदकं बारवर (छातीवर लावायच्या पट्टीवर) बसवून देणारं दुकान पुण्यात कॅम्पात किंवा घोरपडीत कुठलं?

पत्रांचं काम जास्त नाजूक. पाकिटावर लष्करी टपालाचा शिक्का, आत ठिकाणाचा उल्लेख नाही (लिहायची परवानगीच नसे), बाकी सगळी चौकशी आईच्या औषधांची आणि आमच्या फीची. शिक्क्याची तारीख डिस्चार्ज बुकातल्या (त्यांच्या लष्करी सेवेच्या पुस्तकातल्या) नोंदींशी ताडून क्रम लावतोय, म्हणून पाकिटंही स्कॅन करायची आहेत. फ्लॅटबेडवर (सपाट काचेच्या स्कॅनरवर), 600 डीपीआय. कागद ओढून घेणाऱ्या मशीनमध्ये घड्या फाटतात. लॅमिनेशन नकोच, ते पुन्हा निघत नाही. घड्यांवर जुनी सेलोटेप पिवळी पडून चिकटली आहे. शाई न फुटता ती काढून देणारं पुण्यात कुणी खात्रीचं आहे का?