मदत हवी आहे : दूधसागरचा देखावा मॉडेल रेल्वेत कसा बसवावा?

कॅसलरॉक ते कुळे या ब्रागांझा घाटातील दूधसागरचा पूल आणि त्यामागून कोसळणारा धबधबा, एवढाच भाग मी सहा फूट बाय चार फूट प्लायवूडवर एन स्केलमध्ये, म्हणजे १:१६० प्रमाणात, उभारत आहे. अडचण उंचीची आहे. सुमारे ३१० मीटरचा धबधबा या प्रमाणात जवळपास १९४ सेंटिमीटर होतो, आणि टेबलाची उंची धरली तर त्याचा माथा थेट छताच्या पंख्याला भिडेल! म्हणून तो ८० सेंटिमीटरवर आणायचे ठरवले आहे. पण काटछाट पुलाच्या वरच्या टप्प्यांत करावी की खालच्या, म्हणजे पुलाचे आणि पाण्याचे नाते बिघडणार नाही, हे कळत नाही. घाटाचा १:३७ चढ (३७ मीटर पुढे गेल्यावर एक मीटर वर) मात्र तसाच ठेवणार आहे, कारण सहा फुटांत तो जेमतेम पाच सेंटिमीटर भरतो.

दुसरा प्रश्न पाण्याचा. थर्माकोलच्या कड्यावर मी रेझिन (ओतल्यावर घट्ट होणारे पारदर्शक रसायन) ओतून पाहिले, तर ते एका फटीतून झिरपून रुळांखालच्या खडीत शिरले आणि तिथेच घट्ट झाले. दीड फूट रूळ उखडावा लागला. उभ्या कड्यावरचे फेसाळ पाणी पारदर्शक सिलिकॉनने करावे की कापसाच्या तंतूंवर गोंद लावून, आणि पावसाळ्यातील दमट हवेत यांपैकी काय टिकते, हे स्वतः करून पाहिलेल्यांनी कृपया सांगावे.