डाउनबर्स्टची चाचणी: छतातून सोडलेला झोत खरा मानायचा का?

वातकुक्कुट: डाउनबर्स्ट म्हणजे वळवाच्या ढगातून थंड हवा धाडकन खाली येते, जमिनीवर आपटते आणि चहूकडे पसरते. तिचा सर्वाधिक जोर बहुधा जमिनीपासून शंभर मीटरच्या आतच असतो, वर पुन्हा कमी. साध्या विंड टनेलमध्ये (मॉडेलवर वारा सोडायच्या बोगद्यात) मात्र उंचीबरोबर वेग वाढतच जातो. कॅनडातल्या वेस्टर्न विद्यापीठाच्या विंडी डोम या वाऱ्याच्या प्रयोगशाळेत वरच्या कक्षात आधी दाब साठवतात, मग झडपा एकदम उघडतात. ३.२ मीटर व्यासाचा झोत खाली आपटतो आणि भोवऱ्याचं कडं पसरत जातं. वीजवाहिन्यांचे टॉवर असेच तपासायला हवेत.

पोलादराव: प्रमाण बघा. १ किमीचा डाउनबर्स्ट ३.२ मीटरमध्ये बसवला की साधारण १:३००. ५० मीटरचा टॉवर १७ सेंमीचा, २८ मिमीची तार ०.१ मिमीची! आणि टॉवरवर बराचसा भार तारांचाच. प्रमाण १:५० केलंत तर टॉवर सुधारतो, पण वादळ १६० मीटरचं उरतं. शिवाय खरी हवा जड म्हणून कोसळते, इथे तिला पंखे ढकलतात.

वातकुक्कुट: जडपणा दाखवायला टाकीत मिठाचं पाणी सोडतात, पण तिथला वेग इतका कमी की मॉडेलवरचा दाब मोजणं कठीण. लॅबमधून कुठे किती वारा ते घ्या, तारा संगणकात ताणा. लागून असलेल्या दोन गाळ्यांत (दोन टॉवरमधल्या तारांच्या टप्प्यांत) वारा वेगळा असला की टॉवरला वाहिनीच्या दिशेने ओढ बसते, ती तिथे दिसते. १९९६ मध्ये मॅनिटोबात एका डाउनबर्स्टने १९ टॉवर पाडले. हा कागदी धोका नाही.

मोजमाप: घड्याळाकडे कोणी बघतच नाही. वेग १:४, लांबी १:३००, म्हणजे वेळ १:७५. पाच मिनिटांचं वादळ ४ सेकंदांत आटोपतं, आणि झडप अर्धा सेकंद रेंगाळली तर खऱ्या मापात ३७ सेकंद! दाबाच्या नळ्या लांब ठेवल्या की शिखर बोथट होतं. कोब्रा प्रोब (वाऱ्याचा वेग आणि दिशा मोजणारी सळई) समोरच्या ४५ अंशांच्या शंकूतलाच वारा वाचतो. कडं जाताना वारा उलटला की नोंदी गळतात. म्हणून एका धक्क्यावर विसंबू नये, तोच प्रयोग निदान दहा वेळा करावा. सरासरीची खिडकी (जेवढ्या वेळाची सरासरी काढायची तो वेळ) फार लहान धरली तर झुळुकांचा चढउतार सरासरीतच विरतो, खळबळ खोटी कमी दिसते.

पोलादराव: हे पटलं. पण घाटकोपरचं वादळात कोसळलेलं होर्डिंग (१३ मे २०२४, १७ बळी) यात ओढू नका. ४० × ४० फुटांची मर्यादा असताना १२० × १२० उभं केलं. त्याला डोम नको, मोजपट्टी पुरे.