बालनाट्यातल्या पात्राची खेळणी काढायची आहेत, सुरुवात कुठून करू?

रानजाई: बीएमएम (मास मीडियाची पदवी) झालंय, नाशिकमध्येच बालनाट्य करते. कालिदास नाट्यगृहात आमचा प्रयोग झाला की पालक विचारतात, त्या माकडाची बाहुली मिळेल का? मला मुलांच्या मनोरंजनातच निर्माती व्हायचंय. मेनरोडचे एक दुकानदार टीशर्ट, कंपास छापायला तयार आहेत. हो म्हणू, की मुंबईत नोकरी धरू?

गोदाकाठ: ताई, आधी माकड कुणाचं आहे ते कागदावर आण. चित्र ज्यानं काढलं, कॉपीराइट त्याचा. तो लेखी करारानेच तुझ्याकडे येतो, आणि करारात मुदत लिहिली नाही तर कायदा पाचच वर्षं धरतो. नावाचा ट्रेडमार्क वर्गवार घ्यावा लागतो: खेळणी 28, कपडे 25, वह्या-स्टेशनरी 16. बाहुलीचा आकार बाजारात आणायच्या आधीच डिझाइन म्हणून नोंदव. नोंद न करता कारखान्यात पन्नासहून जास्त नग काढलेस तर त्या आकारावरचा कॉपीराइट संपतो. हे कुणी सांगत नाही, म्हणून इतकं लिहिलं.

छोटा भीम 2008 मध्ये पोगो चॅनेलवर आला. तो बनवणाऱ्या ग्रीन गोल्ड कंपनीने पात्र स्वतःच्या हातात ठेवलं, म्हणून पुढे त्यांना स्वतःची दुकानं काढता आली. निर्मात्याचं खरं काम हेच.

सातपूरकर: खेळण्यांना 1 जानेवारी 2021 पासून आयएसआय मार्क सक्तीचा आहे, चौदा वर्षांखालच्या मुलांसाठी. लॅब टेस्टिंग, लायसन्स, सगळा खर्च आला. वही, स्टिकर, टीशर्टपासून सुरू करा. दुकानदाराला सगळ्या वस्तूंचे हक्क एकदम देऊ नका. एक वस्तू, एक वर्ष, आणि माल खपो न खपो, ठरलेली किमान रक्कम आधी हातात.

मृण्मयी_के: नोकरी जरूर कर, पण अ‍ॅनिमेशनच्या खुर्चीत नाही, लायसन्सिंग विभागात, म्हणजे पात्र वस्तूंवर छापायचे हक्क जिथून दिले जातात तिथे. तिथे स्टाइल गाइड कळतं, म्हणजे माकडाचा रंग नक्की कोणता, तोंड कोणत्या बाजूनं दाखवायचं, काय कधीच करायला लावायचं नाही. दर छापखाना वेगळं माकड छापायला लागला की मुलं लगेच ओळखतात, आणि पात्रावरचा त्यांचा जीव उडतो. प्रयोग मात्र बंद करू नकोस. मोटू-पतलू वर्षानुवर्षं मासिकात वाचले गेले, मगच 2012 मध्ये टीव्हीवर आले.

रानजाई: सगळ्यांचे मनापासून आभार. चित्र मैत्रिणीनं काढलंय, आजच बोलते. तिला रॉयल्टीत वाटा ठेवला तर चालेल ना?

गोदाकाठ: ठेवच. टक्केवारी आकड्यात लिही, आणि दुकानदाराला होकार त्या सह्या झाल्यावरच.